पायांत नाक असलेला प्राणी

सन १६६५ मध्यें लंडन येथें रॉबर्ट हूक याचा 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांतील पिसवेचें भलेंमोठें चित्र पुष्कळांस ठाऊक असतें. सत्तेचाळिसाव्या निरीक्षणाकडे मात्र सहसा कोणी वळत नाहीं. त्यांत वर्णन आहे तें लांबलचक पायांच्या 'मेंढपाळ-कोळ्या'चें. कोळी हें नांव व्यवहारापुरतेंच. हा प्राणी जाळें विणीत नाहीं, आणि कोळ्याची बारीक कंबरहि त्यास नाहीं. इंग्रजींत त्यास 'हार्वेस्टमन', म्हणजे कापणीवाला, असेंहि म्हणतात. लिनीयसनें १७५८ सालीं त्याच्या एका जातीस 'ओपिलिओ' हें नांव दिलें. लॅटिनमध्यें त्याचा अर्थ पुन्हां मेंढपाळच!

हूकला भुरळ पडली ती डोळ्यांची. पाठीच्या मधोमध बुरुजासारखा लहानसा उंचवटा, आणि त्याच्या दोन्ही अंगांस एकेक डोळा, तोंडें परस्परविरुद्ध. एवढ्या लांब पायांवर देह तोलण्यास केवढें बळ लागत असेल, याचाहि त्यानें विचार केला. या प्राण्यास हवेंतला खेकडा म्हणावें असें त्यास वाटलें. श्रोतेहो, भिंगासमोर बसलेला मनुष्य स्वतः डोळ्यांवरच विसंबून असतो. तेव्हां त्यानें आधीं डोळेच शोधले यांत नवल तें काय?

वास्तविक या प्राण्यास त्या डोळ्यांनीं फारसें स्पष्ट दिसत नाहीं. तो चालतो सहा पायांवर. दुसरी जोडी सर्वांत लांब. ती पुढें धरून तो आंधळ्याच्या काठीप्रमाणें जमीन चांचपीत जातो. मात्र या काठीला जीभ आहे आणि नाकहि आहे. पायांच्या टोकांशीं सूक्ष्म केंस असतात. कांहींच्या अग्राशीं एक छिद्र असतें. तें वस्तूस टेकलें कीं तिची चव कळते. दुसऱ्या कांहींच्या भिंतींनाच असंख्य छिद्रें असतात, व त्यांतून हवेंतील गंध आंत शिरतो. हीं छिद्रें हूकच्या भिंगांस दिसणें शक्यच नव्हतें. पृष्ठभाग न्याहाळणारा इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शक विक्रीस आला तो १९६५ सालीं, म्हणजे तीनशें वर्षांनीं.

छिद्र दिसलें म्हणजे गंध येतो हें सिद्ध झालें, असें नव्हे. स्पर्शावांचून या प्राण्यास फारसें कांहीं कळत नसावें, असाच समज पुष्कळ काळ होता. ब्राझीलमधील 'इपोरांगाइया पुस्टुलोसा' या जातीस स्पर्शानें चव आणि थोड्या अंतरावरून गंधहि कळतो, हें प्रयोगानें दाखविलें गेलें तें २००७ सालीं. दुसऱ्या एका जातीच्या पायांवरील अशा केंसांची अंतर्रचना तर २०१७ सालीं प्रसिद्ध झाली.

शत्रूनें पाय धरला कीं यांपैकीं पुष्कळ जाती तो पाय तोडून देतात व निसटतात. तुटलेला पाय पुन्हां उगवत नाहीं. चालण्याचा एखादा गेला तर उरलेल्यांवर निभावतें. दुसऱ्या जोडीचे दोन्ही गेले, तर वाट, भक्ष्य व शत्रू ओळखावयास त्याजपाशीं उरतात ते पहिल्या जोडीचे आंखूड पाय आणि हूकनें वाखाणलेले ते दोन डोळे.