ऑइल सीलचं घराणं

जुन्या बंडीच्या आखाखाली वंगणाचा नळा लोंबत असे. बांबूचं एक पेर, त्यात एरंडेलात काजळी मळून केलेलं काळं वंगण आणि ते लावायला एक काडी. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या बाजाराला कापूस घेऊन निघालेली बंडी वाटेत करकरू लागली की गाडीवान उतरायचा, आखाला वंगण चोपडायचा आणि पुढे निघायचा. आर्वीचा भाग गवळाऊ बैलांचा. हलक्या गाडीला जुंपलं की दुडक्या चालीनं लांबचा पल्ला मारणारी ही जात. चाकं भराभर फिरायची, तसं वंगणही लवकर संपायचं. तुंब्यातून बाहेर आलेलं वंगण आऱ्यांवर काळं ओघळायचं, पण त्याला कुणी गळती म्हणत नसे. ओघळ दिसतोय म्हणजे आत अजून वंगण आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आज त्याच आर्वीत अंगणातल्या फरशीवर, मोटारीखाली रुपयाएवढा काळा डाग दिसला तर घरातले सगळे वाकून बघतात. काळजी रास्तच आहे. मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला १४४० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर ७२ मिलिलिटर, आणि दोन आठवड्यांत एक लिटर. लहान मोटारीच्या इंजिनात एकूण तेलच तीन-साडेतीन लिटर असतं. तरीही वंगण सांडणं हा दोष आहे, ही समजूत माणसाच्या चाकाइतकी जुनी नाही. ती जेमतेम शंभर वर्षांची आहे, आणि बांगडीएवढ्या एका काळ्या कड्यानं ती आणली. मिस्त्री त्याला ‘आइल सील’ म्हणतात.

या कड्याचं कुळ शोधायला निघालं की आधी शब्दच वेगवेगळ्या गावांना घेऊन जातात. ‘गॅसकेट’ मूळचा जहाजावरचा. गुंडाळलेलं शीड काठीला बांधून ठेवायची जी वेणीसारखी दोरी, ती गॅसकेट. वाफेची इंजिनं आली तेव्हा दट्ट्याच्या भोवतीची फट बुजवायला तागासारख्या धाग्याची तशीच वेणी चरबीत भिजवून कोंबू लागले. जेम्स वॉटच्या इंजिनातही तीच होती. दोरीचं काम बदललं, नाव तेच राहिलं. कोंबायचं म्हणून ‘पॅकिंग’. आजही गॅरेजमध्ये कागदी, रबरी, तांब्याचं, कुठलंही असो, सरसकट ‘पॅकिंग’च म्हणतात.

‘बूच’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज ‘बुशा’वरून आला असं मानलं जातं, आणि ते पटण्यासारखं आहे, कारण जगातलं निम्म्याच्या आसपास बूच आजही पोर्तुगालच पुरवतं. बुचाच्या ओकची साल सोलायची, भुगा करून तक्ता दाबायचा, त्यातून इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरचं आणि खालच्या तेलाच्या चेंबरचं पॅकिंग कापायचं. जुन्या जीपगाड्यांच्या पॅकिंगच्या संचात हे तांबूस, ठिसूळ पॅकिंग हमखास असे. दोन धातूंच्या मध्ये ते दबतं आणि दबून बाजूला पसरत नाही, हा बुचाचा गुण. अति आवळलं की मात्र फाटतं.

‘सील’ म्हणजे मोहोर. लखोट्यावर लाख वितळवून उमटवायची ती. आणि इथे एक गमतीचा योग आहे. गॅरेजात पॅकिंगला लावत त्या ‘शेलॅक’चा जन्मही लाखेतूनच होतो. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचा किडा राळ साठवतो. ती खरवडून, धुऊन, वितळवून पापुद्रे काढले की शेलॅक, आणि स्पिरिटमध्ये विरघळवलं की पॅकिंगला लावायचं चिकट द्रव्य. विदर्भाच्या पूर्वेकडच्या, गोंदिया-भंडाऱ्याच्या पळसबनांनाही लाखेची ओळख जुनीच. लखोट्याचं तोंड बंद करणारी लाख अशी इंजिनाच्या सांध्यात येऊन बसली. आता तिची जागा ट्यूबमधल्या सिलिकॉननं घेतली आहे, पण शब्द हटलेला नाही. सिलिकॉनची ट्यूब हातात घेऊनही जुना मिस्त्री ‘शेलॅक लाव’ असंच सांगतो.

दोरी, बूच, लाख ही झाली न हलणाऱ्या सांध्यांची औषधं. खरी अडचण हलणाऱ्या सांध्याची. दांडा आत-बाहेर करतोय किंवा गरगर फिरतोय आणि त्याच्या कडेनं तेल येऊ द्यायचं नाही. हे कोडं पहिल्यांदा नीट सुटलं ते चामड्यानं.

जोसेफ ब्रामा या इंग्रज यंत्रकारानं १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. पाण्याच्या दाबानं जाड खांब वर उचलायचा होता, पण खांबाच्या कडेनं पाणी निसटत होतं. पॅकिंग जास्त आवळलं तर खांबच अडकायचा. त्यावरचा तोडगा ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले या तरुण कारागिराचा, असं त्याच्या पुढच्या पिढीतल्या यंत्रकारांनी नोंदवून ठेवलं आहे. त्यानं चामड्याचं कडं वाटीसारखं वळवलं आणि वाटीचं तोंड पाण्याकडे केलं. पाण्याचा दाब वाटीत शिरून चामड्याचा ओठ खांबाला चिकटवू लागला. दाब वाढला की पकड वाढते, दाब उतरला की सैल होते. आवळायला कुणी लागत नाही. आजच्या प्रत्येक ऑइल सीलच्या पोटात हीच कल्पना आहे.

सायकलला हवा भरणाऱ्या पंपाच्या दांड्याला खाली चामड्याची वाटी असते. ती सुकली की पंप नुसता फुसफुसतो, आणि तेलाचे दोन थेंब सोडून वाटी बोटांनी मळली की पुन्हा हवा धरतो. मॉडस्लेची युक्ती मराठी घराघरांत या पंपातून पोहोचली, तिचं नाव कुणाला ठाऊक नसताना. आर्वीसारख्या कापसाच्या गावात तर चामडं आणि यंत्र यांची सोयरीक आणखी जवळची. विसाव्या शतकाच्या आरंभी आर्वी हा मध्य प्रांतातला कापसाचा मोठा बाजार होता. जिनिंगमध्ये सरकीपासून रुई ओढून काढणारा रूळ चामड्याचा, आणि कापूसपट्ट्यातल्या प्रेसिंग कारखान्यांत रुईच्या गाठी दाबायला आलेल्या हायड्रॉलिक प्रेसच्या खांबाला चामड्याचं वाटीदार कडं. विहिरीवरची मोटही चामड्याचीच. १९१७ मध्ये पुलगावहून आर्वीपर्यंत ३५ किलोमीटरची अरुंद रूळमार्गाची गाडी सुरू झाली. तिच्यासारख्या वाफेच्या इंजिनांत दांड्याभोवती मात्र पॅकिंग कोंबलेलं असे, आणि तिथून थोडी वाफ, थोडं तेल सुटणं गृहीत धरलेलं असे. ड्रायव्हर तेलाची बुधली हातात घेऊनच खाली उतरायचा. बंडीवाल्याचा नळा आणि ही बुधली, दोघांचं काम एकच.

मोटारीनं हा हिशोब मोडला. तिचा मालक दर दहा मैलांना उतरून तेल घालायला तयार नव्हता. इंजिनातला मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, दोन्ही टोकांना इंजिनाबाहेर डोकावतो. पुढे पुली, मागे क्लच. पाच सेंटिमीटर जाडीचा दांडा मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर त्याची कड सेकंदाला जवळजवळ आठ मीटर धावते. एवढ्या वेगाला कोंबलेली दोरी जळते, नाहीतर दांडा खाते.

उत्तर आलं ते चामडं कमावणाऱ्यांकडून. अमेरिकेत शिकागो रॉहाइड ही १८७८ मध्ये सुरू झालेली, यंत्रांचे चामडी पट्टे बनवणारी कंपनी मोटारींच्या सीलकडे वळली. जर्मनीत वाइनहाइम गावात फ्रॉयडेनबेर्ग घराण्याची १८४९ पासूनची टॅनरी होती. १९२९ च्या मंदीत चामड्याचा धंदा बसला, तेव्हा चामड्याला नवं काम शोधणं भाग पडलं. तिथे वाल्टर झिमर या अभियंत्यानं चामड्याचा ओठ धातूच्या खोबणीत बसवून फिरत्या दांड्यासाठी तयार कडं केलं. त्याच्या नावावरून त्याला ‘झिमरिंग’ म्हणतात. ओठाच्या पाठीवर एक बारीक, गोल वळवलेली स्प्रिंग असते. दाब नसला तरी ती ओठाला दांड्याशी हलकेच धरून ठेवते.

चामड्यालाही मर्यादा होती. उष्णतेनं ते कडक होतं. रबर मऊ, पण नैसर्गिक रबराला खनिज तेल सोसत नाही. सायकलच्या ट्यूबचा तुकडा रॉकेलात टाकून ठेवला तर फुगून बेढब होतो, हे कुणीही करून पाहावं. १९३० च्या सुमारास जर्मनीत एरिख कोनराड आणि एडुआर्ड चुंकुर यांनी तेलात न फुगणारं कृत्रिम रबर तयार केलं. तेच नायट्राइल. १९३६ मध्ये वाइनहाइमच्या कड्यात चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. चामड्याच्या टॅनरीनं चामड्याची सद्दी आपल्याच हातानं संपवली.

महाराष्ट्रात हाच बदल हापशीत झाला. १९७० च्या दशकातल्या ‘इंडिया मार्क टू’ हातपंपाचे पूर्वज जालना आणि सोलापूर इथे घडलेले पंप. मार्क टूच्या नळीतल्या वाट्या आधी चामड्याच्या होत्या, पुढे नायट्राइलच्या आल्या.

भारतातल्या मोटारी मात्र बराच काळ जुन्याच वळणावर राहिल्या. जुन्या जीपच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला वेणीची दोरी असे, दोन अर्धगोल खोबणींत ठोकून बसवलेली. १४८९ सीसीच्या अँबॅसडरला तिथे सीलच नव्हतं. दांड्यावर उलटे आटे कापलेले असत आणि दांडा फिरला की ते तेल परत आत ढकलत. इंजिन बंद केलं, त्यातही गाडी उतारावर उभी असली, की आटे थांबत आणि तेल वाट शोधी. म्हणून त्या काळच्या गॅरेजच्या जमिनीवर मधोमध कायमचा काळा पट्टा असे आणि मालकाला त्याचं काही वाटत नसे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. त्या गाड्यांखालची जमीन कोरडी राहू लागली, तेव्हा कुठे इथेही डाग हा दोष ठरला.

आर्वीतल्या अंगणातला तो डाग म्हणूनच नीट वाचायला हवा. तेल खाली टपकतं, पण फुटतं बहुतेक वेळा वर. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून निघालेला ओघळ इंजिनाच्या अंगावरून उतरत चेंबरच्या बोल्टवर येऊन थेंब होतो आणि बिचारं चेंबर बदनाम होतं. रॉकेलनं इंजिन पुसून कोरडं करायचं, सांध्यांवर थोडी पावडर भुरभुरवायची आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. पावडर जिथे सगळ्यात वर ओली होते, तिथे मूळ. त्याआधी ब्रीदरची, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणारी नळी पाहावी. ती काजळीनं तुंबली की इंजिनात दाब साठतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. हे न पाहता सील बदललं तर नवंही महिन्याभरात गळतं.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरी बदलणं कुणालाही जमावं. इंजिन थंड हवं. बोल्ट काढायचे, कव्हर हळूच सुटं करायचं, वर्ध्याचे उन्हाळे सोसून लाकडासारखं झालेलं जुनं रबर प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडायचं, कारण लोखंडी पटाशीनं ॲल्युमिनियमवर ओरखडा उठला तर तीच नवी वाट होते. खोबण कोरडी पुसून नवं पॅकिंग बसवायचं, कोपऱ्यांवर सिलिकॉनचा ठिपका द्यायचा आणि बोल्ट मधून बाहेर, आलटून-पालटून, बेतानं आवळायचे. इथेच सगळे चुकतात. थेंब दिसला की पाना घेऊन आणखी आवळतात. मिस्त्री सांगतो, “भाऊ, आवळून काई होत नाई. सील मऊ पाह्यजे.” दोरी, बूच, चामडं, रबर या सगळ्या पिढ्या निवडल्या गेल्या त्या मऊपणासाठीच. कडक झालेल्या रबराला पान्याची ताकद मऊ करू शकत नाही.

क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाचं सील थोडं अवघड. पुली काढावी लागते. जुनं सील उपटताना दांड्याला टोक लागू द्यायचं नाही. नव्या सीलच्या ओठाला इंजिनाचंच तेल चोळायचं, स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे ठेवायची, आणि जुनं सील त्याच्यावर आडवं धरून हातोडीनं गोल-गोल, हलके ठोके द्यायचे, म्हणजे नवं तिरपं जात नाही. त्याआधी दांड्यावरून नख फिरवून पाहावं. पुष्कळ चाललेल्या गाडीत, ओठ जिथे टेकत होता तिथे पोलादावर बारीक चर पडलेला असतो. रबरात रुतलेल्या धुळीनं तो कोरलेला असतो. नख अडकलं तर नवं सील जुन्या जागी पूर्ण आत दाबू नये. जागा असेल तर दोन मिलिमीटर अलीकडेच थांबावं, म्हणजे नव्या ओठाला टेकायला न झिजलेलं पोलाद मिळतं.