ध्यास आणि सोडून देणं : स्वामी रामानंद तीर्थ, आमच्या सीमेवरून

माझ्या आजीचं माहेर उदगीर तालुक्यात, सासर भालकीकडं. तिच्या लग्नाच्या वेळी दोन्ही गावं एकाच बीदर जिल्ह्यात होती. 1 नोव्हेंबर 1956 ला उदगीर मुंबई राज्यात गेलं, भालकी म्हैसूर राज्यात. आजी म्हणायची, "माहेर तिथंच राहिलं, पण कागदं परकी झाली."

मंडळाच्या बैठकीत 'चांगला नेता कशानं घडतो' हा विषय निघाला तेव्हा बहुतेकांनी 'ध्यास' असं उत्तर दिलं. मला स्वामी रामानंद तीर्थ आठवले, आणि त्यांच्यासोबत आजीचं ते वाक्यही.

स्वामीजी मूळचे आपल्याच भागातले. व्यंकटेश खेडगीकर हे त्यांचं पूर्वाश्रमीचं नाव. जन्म 3 ऑक्टोबर 1903, सिंदगीचा. बालपणीची शाळा गाणगापूरची. 1 ऑगस्ट 1920 ला लोकमान्य टिळक गेले, तेव्हा ते सतरा वर्षांचेही नव्हते. लग्न न करता देशसेवा करायची, असं त्यांनी त्या वेळी ठरवलं. या वयात असं ठरवणारे पुष्कळ असतात, खरी परीक्षा पुढच्या वर्षांत होते.

स्वामीजींची ती वर्षं शाळामास्तरकीत गेली. आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, मग 1935 पासून अंबाजोगाईची योगेश्वरी. हिप्परग्यातच संन्यास घेऊन ते रामानंद तीर्थ झाले. भगवी वस्त्रं आली, पण मठ काही आला नाही. निजामाच्या राज्यात राजकीय सभेवर बंधनं होती, म्हणून माणसं वर्गातच घडवावी लागली. पुढं लढ्यात उतरलेले कितीतरी कार्यकर्ते या शाळांतून आले. माझ्या मते ते नेते झाले ते इथंच, पुढच्या व्यासपीठांवर नव्हे.

1938 मध्ये स्टेट काँग्रेस रीतसर उभी राहायच्या आधीच तिच्यावर बंदी आली. जबाबदार राज्यपद्धतीसाठी ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच काळात आर्य समाज आणि हिंदू महासभेचे सत्याग्रहही चालू होते. राजकीय मागणीला धार्मिक रंग चढू नये म्हणून गांधीजींच्या सल्ल्यानं डिसेंबरात स्टेट काँग्रेसनं आपला सत्याग्रह थांबवला. ऐन भरात आलेला लढा थांबवणं कार्यकर्त्यांना किती जड गेलं असेल! बंदी उठायला 1946 उजाडलं. पण स्वामीजींनी काम सोडलं नाही. ध्यासाला दम लागतो, तो असा.

15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी हैदराबादेत स्वामीजींना अटक झाली. मध्ये सुटका, पुन्हा अटक. पोलीस कारवाई 17 सप्टेंबर 1948 ला संपली, त्यानंतर ते बाहेर आले.

इथून पुढचा भाग आपल्याकडं कमी सांगितला जातो. 1952 मध्ये हैदराबादचे मुख्यमंत्री झाले बुर्गुल रामकृष्ण राव. स्वामीजी गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले. आणि ज्या राज्यासाठी लढले, त्याचं भाषेनुसार विभाजन व्हावं, असा आग्रह त्यांनीच धरला. तेलंगणाचे 8, मराठवाड्याचे 5 आणि कर्नाटकाचे 3 जिल्हे त्या राज्यात होते. ते मोडणं नेहरूंना सुरुवातीला पटत नव्हतं. स्वामीजींचं म्हणणं मात्र सरळ होतं : लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत.

त्याची किंमत त्यांनीही मोजली. त्यांचा गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेला. 1957 ची निवडणूक त्यांनी औरंगाबादेतून लढवली आणि जिंकली. आमच्या बीदर जिल्ह्याचे तर तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्याकडं. जहिराबाद, नारायणखेड आंध्राकडं. उरलेला भाग म्हैसूरकडं. भाषेनं राज्यं नीट आखता येतात, घरं येत नाहीत. आमच्या घरात मराठी, बाजारात कन्नड आणि जुन्या दस्तांत उर्दू. अशा घरांचं काय, याचं समाधानकारक उत्तर त्या तत्त्वात मला आजही सापडत नाही.

म्हणून स्वामीजी चुकले असं मी म्हणणार नाही. ध्यास माणसाला उभं करतो, पण तो पुढारी म्हणून कितपत खरा, हे तो काय सोडून देतो त्यावरून कळतं. स्वामीजींनी संसार सोडला, सत्तेचं पद घेतलं नाही, आपल्या भूमीतला मतदारसंघही मागं टाकला. 22 जानेवारी 1972 ला ते गेले. आज नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

17 सप्टेंबरला सीमेच्या दोन्ही बाजूंना झेंडा चढतो. त्या दिवशी मला स्वामीजी आठवतात आणि आजीही. एकाला विसरून दुसऱ्याचा इतिहास पुरा होत नाही.