समस्याधारित अध्ययन (प्राथमिक स्तर)
तयार उत्तर नसलेल्या, व्यवहारातल्या प्रश्नापासून शिकणे सुरू करणारी पद्धती. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात ती १९६९ पासून रुजली. हॉवर्ड बॅरोज हे तिचे प्रमुख प्रवर्तक. प्राथमिक वर्गात प्रश्न हाताशी असलेलाच लागतो : शाळेच्या टाकीतले पाणी दुपारीच का संपते? मुले गटात अंदाज बांधतात, गळक्या नळाखाली बादली ठेवून पाणी मोजतात, शिपाईकाकांना विचारतात आणि ‘हे कशावरून?’ असे एकमेकांना हटकतात. चिकित्सक विचार घडतो तो या हटकण्यात. नुसते गट पाडून काही साधत नाही. शिक्षकाने उत्तर पुरवायचे नसते, तरी पूर्वज्ञान तोकडे असलेल्या मुलांना मोकळे सोडणेही घातक. कर्शनर, स्वेलर व क्लार्क यांनी २००६ मध्ये अल्प मार्गदर्शनाच्या पद्धतींवर हाच आक्षेप घेतला.