सूक्ष्मशैवलांचे तेल आणि ओझरचे पाणी : एका मापाचा इतिहास

वनस्पतिजन्य इंधनांच्या इतिहासात दर हेक्टरी उत्पन्न हेच माप प्रमाण मानले गेले आहे. न्यूझीलंडमधील संशोधक यूसुफ चिस्ती यांनी 2007 मध्ये मांडलेल्या तुलनेत जट्रोफाचे तेल हेक्टरी वर्षाला सुमारे 1,892 लिटर, तर 30 टक्के तेलांश असलेल्या सूक्ष्मशैवलांचे 58,700 लिटर धरले होते. या आकड्यांनी सूक्ष्मशैवलांचा पक्ष निर्विवाद ठरल्यासारखा वाटतो. तथापि जेथे जमिनीपेक्षा पाणी दुर्मीळ आहे, तेथे हे माप पुरेसे आहे काय, हा प्रश्न नाशिक जिल्ह्यातील ओझर परिसराच्या अनुभवाच्या आधारे तपासण्याजोगा आहे.

ओझर हे गाव निफाड तालुक्यातील. याच तालुक्यातील कुंदेवाडीचे विनायकराव पाटील यांच्या पुढाकाराने नाशिक भागात 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात जट्रोफाची, म्हणजे मोगली एरंडाची, लागवड सुरू झाली. पुढे 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने देशभर अशा लागवडीची शिफारस केली. परंतु पडीक जमिनीवर तगणारे झाड तेथे भरघोस फळेलच असे नाही, हे अनुभवाने दिसून आले. पाण्यावाचून अपेक्षित उत्पन्न येईना आणि ही मोहीम ओसरली. हेक्टरांची संख्या कागदावर मोठी होती; पाण्याचा हिशेब मात्र मांडला गेला नव्हता.

सूक्ष्मशैवलांचा इतिहास याहून जुना आहे. 1942 मध्ये, युद्धकालीन जर्मनीत, हार्डर व फॉन विच यांनी डायटम या नावाने परिचित असलेल्या करंडक शैवलांपासून मेद मिळविण्याची शक्यता मांडली. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने 1978 ते 1996 या काळात स्वतंत्र संशोधनकार्यक्रम चालविला. त्यात 3,000 हून अधिक वाण गोळा झाले. नत्राची उपासमार केली असता पेशीतील तेलांश वाढतो, पण वाढ मंदावते. त्यामुळे तेलाचे एकूण उत्पन्न वाढत नाही, असे या कार्यक्रमात आढळले. न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथील 1,000 चौरस मीटरच्या उघड्या तळ्यांत रात्रीच्या थंडीमुळे सरासरी उत्पादन दररोज चौरस मीटरला सुमारे 10 ग्रॅम एवढेच राहिले. चिस्तींचा अंदाज खरा ठरावयाचा, तर ते सुमारे 47 ग्रॅम असावे लागेल.

आता पाण्याचा हिशेब पाहू. चौरस मीटरला 10 ग्रॅम हे उत्पादन आणि 25 टक्के तेलांश धरल्यास एका हेक्टरातून दिवसाला 25 किलो तेल मिळेल. उघड्या पृष्ठभागावरून रोज 5 मिलिमीटर बाष्पीभवन होते असे मानले, तर त्याच हेक्टरावरून दिवसाला 50,000 लिटर पाणी उडून जाईल. म्हणजे किलोभर तेलामागे 2,000 लिटर. उत्पादन दुप्पट झाले तरी हा आकडा 1,000 पर्यंतच उतरतो.

विमान-कारखान्यासाठी सर्वांस परिचित असलेल्या ओझरची दुसरी ओळख पाण्याच्या मोजमापाशी निगडित आहे. वाघाड धरणाच्या कालव्याच्या पुच्छभागी असल्याने येथील शेतांना हक्काचे पाणी पोहोचत नसे. बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या प्रयत्नांतून 1991 च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणीपट्टी पिकाखालील क्षेत्रावर न बसता मोजून दिलेल्या घनमापावर बसू लागली, आणि कोटा ठरल्यावर पीक कोणते घ्यावे हे शेतकरी स्वतः ठरवू लागला. घनमापाचे हे तत्त्व पुढे 2005 च्या राज्य कायद्यानेही स्वीकारले.

या संक्रमणाचा अर्थ सिंचनापुरता मर्यादित नाही. क्षेत्राऐवजी घनमाप स्वीकारताच शेताची उत्पादकता ‘हेक्टरी किती’ याऐवजी ‘घनमीटरी किती’ अशी विचारता येते. सूक्ष्मशैवलांना हाच प्रश्न विचारला, तर कालव्याच्या गोड्या पाण्यावर त्यांचा दावा दुबळा ठरतो. समुद्राचे पाणी किंवा गावाचे सांडपाणी वापरल्यास मात्र चित्र पालटते. ऑस्वाल्ड व गोल्यूक यांनी 1960 मध्येच सांडपाण्याचा मार्ग सुचविला होता. भावनगरच्या केंद्रीय लवण व समुद्री रसायन संशोधन संस्थेने सागरी शैवलांवर काम केले, तेही याच दृष्टीने लक्षणीय होय. द्राक्षबागेच्या वाट्याचे पाणी तळ्यात उडून जाणार असेल, तर हेक्टरी लिटरांचा मोठा आकडा ओझरच्या शेतकऱ्यास पटणार नाही. आणि त्याने तो नाकारला, तर इतिहास त्याच्या बाजूस राहील.