दरड कोसळण्याआधी घर कसे सोडाल? पावसाळ्यापूर्वी घरच्या घरी करा तालीम

घाटकोपर : १२ जुलै २००० रोजी मुसळधार पावसात घाटकोपरच्या आझाद नगरमध्ये डोंगरउतारावरच्या घरांवर दरड कोसळली. साठहून अधिक माणसे गेली. ३० जुलै २०१४ रोजी माळीण (ता. आंबेगाव) येथे १५१ बळी गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी (ता. खालापूर) ढिगाऱ्याखाली गेली. दरड सुटल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही. म्हणून डोंगराखाली किंवा उतारावर घर असेल तर तालीम आधीच करून ठेवा.

ही लक्षणे दिसली की थांबू नका
- जमिनीला, भिंतीला नवीन भेगा पडणे
- झाडे, विजेचे खांब कलणे
- दारे-खिडक्या अचानक घट्ट बसणे
- नवीन ठिकाणाहून गढूळ पाणी येणे, ओढ्याचे पाणी एकदम वाढणे किंवा आटणे

तालीम अशी करा
१. बाहेर पडायच्या दोन वाटा ठरवा. ओढ्याच्या किंवा दरडीच्या वाटेने खाली पळू नका, बाजूला सरका.
२. जमायची जागा एकच ठरवा. ती उतार, ओढा आणि संरक्षक भिंतीपासून लांब हवी. मालाडच्या पिंपरीपाड्यात २ जुलै २०१९ रोजी भिंतच झोपड्यांवर कोसळली होती.
३. आजीला कोण धरणार, बाळाला कोण उचलणार, हे नावानिशी ठरवा. 'कोणीतरी घेईल' असे नको.
४. कागदपत्रे, औषधे, बॅटरी, चार्जर, पाणी एका पिशवीत भरून दाराजवळ ठेवा.
५. वेळ असेल तरच मेन स्विच आणि गॅस बंद करा.
६. एकदा रात्री, दिवे बंद करून तालीम घ्या. किती मिनिटे लागली ते मोजा. कुठे अडखळलो ते बघा आणि पुन्हा करा.

बाहेर पडल्यावर माणसे मोजा. सामानासाठी मागे फिरू नका. एक दरड आली म्हणजे संपले असे नाही, मागून दुसरी येऊ शकते.

नंबर भिंतीवर लिहून ठेवा
आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, मुंबई महापालिका १९१६.

रिकाम्या घरात परत येता येते. रात्री उगाच बाहेर पडलो, असे वाटले तरी चालेल.