गणिताच्या गोळ्या

माझा पुतण्या नऊ वर्षांचा. पायाला भिंगरी, वही कायम अर्धी. डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलं आणि पुढच्याच आठवड्यात वहिनीच्या मोबाईलवर जाहिरात आली : लाळेचा नमुना पाठवा, मुलाला कुठलं औषध लागू पडेल ते जनुकं बघून सांगतो. "भाऊजी, करूया का?" तिला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण ही जाहिरात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनाही आली असेल.

या औषधांचा शोधच मुळी अपघातानं लागला. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये १९३१ साली मुलांसाठी एक रुग्णालय सुरू झालं. मेंदूच्या आजारानं कायमची अधू झालेल्या एमा ब्रॅडली या मुलीच्या नावानं. तिथले डॉ. चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या मेंदूचे एक्स-रे काढत. त्यासाठी कण्यातलं पाणी काढून हवा भरावी लागे, आणि मग पोरांचं डोकं भयंकर ठणके. त्यावर उतारा म्हणून त्यांनी बेंझेड्रिन देऊन पाहिलं. डोकेदुखीला फारसा फरक पडला नाही. पण शिक्षक सांगत आले, की काही मुलं अचानक अभ्यासाला लागलीत! मुलांनीच नाव ठेवलं, 'गणिताच्या गोळ्या'. १९३७ च्या निबंधात ब्रॅडलींनी ३० मुलांची नोंद दिली. शाळेच्या कामात ठळक सुधारणा त्यातल्या १४ जणांत.

तीसात चौदा. कुठले चौदा, हे आधी सांगता येत नव्हतं. आजही जनुकं बघून ते सांगता येत नाही.

म्हणजे जनुकांचा संबंध नाही असं नव्हे. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के निघतो, जवळजवळ उंचीइतका. (आमच्या आईचं ठाम मत होतं की हे वहिनीच्या माहेरचं. मग मी दादाची जुनी प्रगतिपुस्तकं कपाटातून काढली. पाचवी ते दहावी एकच शेरा : 'लक्ष नाही'. विषय बंद.) १९९० च्या दशकात डोपामिनशी संबंधित दोन-तीन जनुकं सापडली तेव्हा वाटलं, आता कोडं सुटलं. पण २०२३ मध्ये ३८ हजारांवर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जनुकसंचातल्या २७ जागा निघाल्या आणि प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर. अ‍ॅटोमॉक्सेटिनसारखं एखादं औषध शरीरात किती हळू जिरेल हे एका जनुकावरून कळतं, आणि डोस ठरवायला ते उपयोगी पडतं. गुण येईल का, ते त्यावरून कळत नाही.

उलटी चूकही होते. "गोळीनं फरक पडला, म्हणजे आजार होताच." १९७८ मध्ये अमेरिकेत ज्यूडिथ रॅपोपोर्ट यांनी अगदी निरोगी मुलग्यांना याच जातीचं औषध एकेकदा दिलं. त्यांचंही लक्ष सुधारलं, चुळबूळही कमी झाली. त्यामुळे निदान गोळीवरून करायचं नसतं. मुलाचं घरातलं आणि शाळेतलं वागणं नीट विचारून, बघूनच ते होतं.

वहिनीनं लाळ पाठवली नाही. त्याऐवजी वर्गबाईंना एक वही दिली, रोज दोन ओळी लिहायला. बाईंना गोळीचा डोस कधी बदलला ते मुद्दाम सांगितलेलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी लिहिलं, "डबा तसाच परत नेतो." डॉक्टरांनी ती वही बघून डोस कमी केला. आता डबा संपतो. गणिताचं अजून बघायचंय.