डॉ. सिरस प्रकरण : विद्यापीठांच्या आवारातील समलैंगिकांच्या इतिहासाचा मराठी धागा

भारतीय विद्यापीठांतील समलैंगिक आणि तृतीयपंथी समुदायाचा इतिहास सांगताना एका मराठी प्राध्यापकाचे नाव वगळता येत नाही. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे अध्यापन करणारे डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांना फेब्रुवारी २०१० मध्ये समलैंगिक संबंधांच्या कारणावरून निलंबित करण्यात आले. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते अलिगढमधील भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले. आज अनेक शिक्षणसंस्थांच्या आवारात इंद्रधनुषी झेंड्यांसह अभिमान सप्ताह, व्याख्याने आणि चित्रपट महोत्सव होतात. त्यांच्यामागे हा अवघ्या दोन महिन्यांचा घटनाक्रमही उभा आहे.

मूळचे नागपूरचे असलेले सिरस विद्यापीठाच्या आधुनिक भारतीय भाषा विभागात अध्यापन करत होते आणि विभागप्रमुखपदाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. ते कवी होते. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. मराठी मुलुखापासून दूर, उर्दू आणि हिंदीच्या वातावरणात त्यांनी अध्यापनाची दोन दशके घालवली. निवृत्ती काही महिन्यांवर आली असताना, ८ फेब्रुवारीच्या रात्री, कॅमेरा घेतलेल्या व्यक्ती विद्यापीठाच्या आवारातील त्यांच्या निवासस्थानात बळजबरीने शिरल्या आणि एका रिक्षाचालकासोबतचे त्यांचे खासगी क्षण चित्रित केले. त्यानंतर लगेचच विद्यापीठाने गैरवर्तनाचा ठपका ठेवून सिरस यांना निलंबित केले आणि निवासस्थान रिकामे करण्यास सांगितले. घरात घुसखोरी झाली ती त्यांच्या, आणि शिक्षाही झाली ती त्यांनाच.

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची बाब तारखांमध्ये दडलेली आहे. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशन प्रकरणात निकाल देताना, प्रौढांमधील संमतीने होणारे खासगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ च्या कक्षेबाहेर काढले होते. म्हणजे सिरस यांच्यावर कारवाई झाली त्या वेळी कायद्याचे वारे त्यांच्या बाजूने वाहत होते. गुन्हा नसलेल्या कृतीसाठी विद्यापीठाच्या सेवाशर्तींनी मात्र शिक्षा ठोठावली. कायदा बदलला तरी संस्थेच्या आवारातील नियम, वसाहतीतील कुजबुज आणि प्रशासनाची भीड बदलायला वेगळा काळ लागतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

सिरस यांनी निलंबनाला न्यायालयात आव्हान दिले. खासगीपणाचा अधिकार हा मूलभूत असून त्याचे रक्षण झाले पाहिजे, अशी भूमिका घेत खंडपीठाने निलंबन स्थगित केले आणि निवासस्थानाबाबतही त्यांना दिलासा दिला. तो आदेश उपभोगण्यास त्यांना सहाच दिवस मिळाले. मृत्यूनंतर पोलीस तपास झाला. तथापि त्यातून कोणालाही शिक्षा झाली नाही.

पुढील आठ वर्षांत कायद्याने बरीच वळणे घेतली. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल रद्द ठरवून कलम ३७७ पुन्हा पूर्ववत केले. त्यानंतर चारच महिन्यांनी, १५ एप्रिल २०१४ रोजी, नाल्सा प्रकरणात त्याच न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार मान्य केला. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि लैंगिक कल हा त्याचा भाग असल्याचे नमूद केले. सिरस यांच्या प्रकरणात अलाहाबादने घेतलेल्या भूमिकेला अशा रीतीने सर्वोच्च मान्यता मिळाली. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध कायमचे गुन्ह्याच्या व्याख्येबाहेर गेले.

या अंतिम लढ्यात विद्यापीठीय जगताचा थेट सहभाग होता. देशभरातील आयआयटींचे २० आजी-माजी विद्यार्थी ‘प्रवृत्ती’ या गटाच्या वतीने मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिकाकर्ते म्हणून उभे राहिले. ज्या कलमाखाली आपणास गुन्हेगार ठरवले जाऊ शकते त्याच कलमाविरुद्ध स्वतःच्या नावाने याचिका करणे, हे त्या वयाच्या तरुणांसाठी सोपे पाऊल नव्हते. आयआयटी मुंबईत ‘साथी’ हा विद्यार्थी गट २०११ पासून कार्यरत आहे. मुंबईच्याच टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१८ मध्ये लिंगनिरपेक्ष वसतिगृहाची सोय केली. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते, परंतु कोणत्या खोलीत राहायचे आणि कोणते स्वच्छतागृह वापरायचे, हा प्रश्न तृतीयपंथी विद्यार्थ्याचे शिक्षण चालू राहणार की सुटणार हे ठरवू शकतो.

अभ्यासक्रमाच्या पातळीवर महाराष्ट्राने एक वाट आधीच पाडली होती. पुणे विद्यापीठाच्या इंग्रजी विभागातील प्राध्यापक आणि ‘द बॉयफ्रेंड’ (२००३) या कादंबरीचे लेखक आर. राज राव यांनी विद्यापीठात क्विअर अभ्यासमंडळ स्थापन केले. वरिष्ठांच्या दीर्घ विरोधानंतर २००७ मध्ये त्यांनी समलैंगिक साहित्याचा अभ्यासक्रम सुरू केला. भारतीय विद्यापीठांतील अशा प्रकारच्या पहिल्या अभ्यासक्रमांपैकी तो एक मानला जातो. ज्या काळात कलम ३७७ पूर्ण शक्तीने अस्तित्वात होते, त्या काळात हे घडले. सिरस यांच्या वाट्याला जे आले त्याच्या तीन वर्षे आधी, दुसऱ्या एका सार्वजनिक विद्यापीठाने हाच विषय वर्गात आणला होता. दोन्ही आवारांतील हे अंतर भौगोलिक अंतरापेक्षा अधिक बोलके आहे.

विद्यार्थ्यांची संघटना आणि इतिहासाचे स्मरण हे दोन्ही प्रवाह जगात अन्यत्रही शिक्षणसंस्थांतूनच निघाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९६७ मध्ये समलैंगिक विद्यार्थ्यांच्या संघटनेला मान्यता दिली. स्टोनवॉलचा उठाव झाला तो त्यानंतर दोन वर्षांनी, २८ जून १९६९ रोजी. अमेरिकेत ऑक्टोबरमध्ये पाळल्या जाणाऱ्या समलैंगिक इतिहास महिन्याची कल्पना १९९४ मध्ये मिसूरी राज्यातील रॉडनी विल्सन या शालेय इतिहास शिक्षकाने मांडली.

भारतात अशा स्मरणाला नियमांची जोड काही प्रमाणात मिळाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती करून लिंगओळख व लैंगिक कलावरून होणारा छळ आणि बहिष्कार रॅगिंगच्या व्याख्येत आणला. त्याच वर्षीच्या लैंगिक छळ प्रतिबंधक नियमांत तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही पीडित म्हणून विचार झाला. केरळने २०१८ मध्ये विद्यापीठे व संलग्न महाविद्यालयांतील अभ्यासक्रमांत तृतीयपंथी विद्यार्थ्यांसाठी दोन अतिरिक्त जागा ठेवण्याचा निर्णय घेतला. तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम २०१९ मध्ये करण्यात आला आणि १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. शिक्षणात भेदभाव करण्यास त्यात मनाई आहे. समलैंगिक शिक्षक वा विद्यार्थ्याला लैंगिक कलाच्या आधारे होणाऱ्या भेदभावापासून संरक्षण देणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा मात्र झालेला नाही. परिणामी अशा व्यक्तीला घटनेतील समता व खासगीपणाच्या तत्त्वांचा आधार घेत न्यायालयाचा दरवाजा ठोठावावा लागतो. सिरस यांनाही तेच करावे लागले होते.

मराठी वाचकांपर्यंत सिरस यांचे नाव पोहोचले ते त्यांच्या कवितेमुळे कमी आणि हिंदी चित्रपटामुळे अधिक, हेही नोंदवायला हवे. हंसल मेहता दिग्दर्शित ‘अलिगढ’ २६ फेब्रुवारी २०१६ रोजी प्रदर्शित झाला. अपूर्व असरानी यांनी लिहिलेल्या या चित्रपटात मनोज वाजपेयी यांनी सिरस यांची भूमिका केली. चित्रपट आला तेव्हा कलम ३७७ पुन्हा लागू होते, त्यामुळे २०१० मध्ये न्यायालयात जिंकलेला प्राध्यापक त्या वर्षी पडद्यावर पाहणाऱ्यांसाठी कायद्याच्या दृष्टीने पुन्हा गुन्हेगार ठरत होता. शीर्षकात शहराचे नाव असल्यामुळे स्थानिक संघटनांनी आक्षेप घेतला आणि खुद्द अलिगढमध्ये चित्रपटाच्या प्रदर्शनात अडथळे आले.